दोन वह्या, एक बाई

क्षयरोगाचा, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या टीबीचा इतिहास आज सांगणार आहे. पण सुरुवात करते ती आमच्या बचत गटाच्या हजेरीवहीपासून.

आमच्या गटाचे नियम साधे आहेत. बैठक चुकली तर दहा रुपये दंड आणि हप्ता चुकला तर नावापुढे लाल खूण. काही वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका गटात मी एका ताईंच्या नावापुढे सलग तीन महिने लाल खूण केली. त्या घरी बसून जीन्सचे धागे कापायच्या. उल्हासनगरहून गठ्ठा यायचा, रात्री जागून कापायचा आणि सकाळी परत द्यायचा. बैठकीला का येत नाही विचारलं की म्हणायच्या, मुलीची परीक्षा आहे, पाहुणे आलेत. मी गटाच्या अध्यक्षांना सांगून टाकलं, "या थकबाकीदार झाल्यात. पुढच्या कर्जाच्या यादीतून यांचं नाव काढा."

चौथ्या महिन्यात एका दुपारी त्या ताईच माझ्या दारात उभ्या राहिल्या. सोबत टीबीच्या कामावरच्या एक सिस्टर होत्या. सिस्टर म्हणाल्या, "यांनी परवानगी दिली म्हणून तुमच्याशी बोलायला आले." ताईंना टीबी होता. गोळ्या सुरू केल्या होत्या, बरं वाटू लागल्यावर तिसऱ्या महिन्यात बंद केल्या. कारण सिस्टर फाइल घेऊन दोनदा चाळीत आल्या, शेजारणीने विचारलं आणि घरमालकाच्या कानावर गेलं. मग खोली खाली करायची भाषा सुरू झाली. सिस्टरांच्या फाइलमध्येही ताईंच्या नावापुढे खूण होती. माझ्या वहीत पैसे थकले होते, त्यांच्या वहीत गोळ्या. दोन वह्या आणि बाई एकच.

त्या दिवसापासून मला प्रश्न पडला. ही सिस्टर रुग्णाच्या दारात का येते? कधीपासून येते? दवाखाना असताना घरी यायची गरज काय? जमेल तसं वाचलं, विचारलं. त्यातलं जे हाती लागलं ते आज सांगते.

आपल्या शेजारच्या कल्याणपासून सुरुवात करू. कल्याणच्या जोश्यांची यमुना लग्नानंतर आनंदी झाली, म्हणजे आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांची वाट बघत होतं. पण परतल्या त्या आजार घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आजार होता क्षय.

आता एक तारीख लक्षात घ्या. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. म्हणूनच २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. म्हणजे आनंदीबाई आजारी पडल्या तेव्हा शत्रू कोण हे जगाला कळलं होतं. शस्त्र मात्र नव्हतं. जंतूवर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. मधली साठ वर्षं रुग्णाला द्यायला होती ती फक्त मोकळी हवा, दूध-अंडी, विश्रांती आणि कोणाची तरी सेवा.

ही सेवा करायला शिकलेल्या बायका तरी कुठे होत्या? परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, त्याचा बेडका उचलायचा, हे काम त्या काळी घरंदाज बाईचं मानत नसत. हा समज मोडायला आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी हात घातला त्यात रमाबाई रानडे होत्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथून विधवा आणि गरजू बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं जाऊ लागलं. लोकांनी नावं ठेवली. पण ज्या बाईला घरात कोपऱ्यात बसवलं होतं, तिच्या हातात कमाईचं आणि मानाचं काम आलं. बचत गटात आपण जे बोलतो, बाईच्या हातात चार पैसे आले की तिचा आवाज बदलतो, ते तेव्हाही खरं होतं.

औषध नव्हतं त्या काळात टीबीवर उपाय म्हणजे सॅनेटोरियम, आरोग्यधाम. पाचगणीला डॉक्टर बिलिमोरियांनी सुरू केलेलं बेल-एअर, मिरजेजवळ वानलेसवाडीचं, आणि मुंबईत शिवडीचं टीबीचं रुग्णालय तर आजही सगळ्यांना ठाऊक आहे. रुग्णाला घरापासून लांब न्यायचं, स्वच्छ हवेत महिनोन्महिने ठेवायचं. त्यात चांगलंही होतं, कारण तिथे पोटभर जेवण मिळायचं आणि घरातल्यांना लागण होण्याची भीती कमी व्हायची. पण घरच्या बाईला वर्षभर लांब पाठवलं तर चूल कोणी पेटवायची? आणि मुळात जागा किती होत्या? १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला. त्यात अंदाज होता की देशात टीबीचे सुमारे पंचवीस लाख रुग्ण आहेत, वर्षाला पाच लाख माणसं त्यात दगावतात, आणि टीबीच्या रुग्णांसाठी खाटा आहेत सहा हजारांच्या आसपास. परिचारिका होती ४३ हजार माणसांमागे एक.

हा हिशेब कागदावर आला आणि पुढच्याच वर्षी फाळणी झाली. सिंधमधून माणसं आपल्या इथे आली. लढाईच्या काळात सैनिकांसाठी बांधलेली कल्याण कॅम्पची बराक ही त्यांची घरं झाली. मधे गोणपाट, चादरी, साड्या बांधून एका बराकीत अनेक संसार थाटले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. नाव बदललं तरी आपण आजही 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असंच म्हणतो. त्या बायकांनी पापड लाटून, शिवण करून घरं उभी केली. त्याच पट्ट्यात अंबरनाथला आगपेटीचा विमको कारखाना, रसायनांचा धरमसी मोरारजी, ऑर्डनन्स फॅक्टरी होती. कामासाठी माणसं येत राहिली, खोल्या वाढत राहिल्या आणि खोलीतली माणसंही.

हे मी का सांगते? कारण टीबीचा जंतू हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, तेव्हा बारीक थेंब हवेत तरंगतात. खिडकी नसलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत ते तासन् तास राहतात. त्यात पोट अर्धं रिकामं असेल तर शरीर हरतं. टीबी पाप-पुण्याने होत नाही, आणि घराण्याच्या रक्तातूनही येत नाही. बंद हवा, दाटी आणि कमी जेवण, या तिघांनी तो वाढतो. आपल्या तिन्ही गावांत या तिन्ही गोष्टी कोणाला शोधाव्या लागत नाहीत.

मग प्रश्न उभा राहिला. औषधं आता आली होती. स्ट्रेप्टोमायसिननंतर पास नावाचं औषध आलं, १९५२ साली आयसोनायझिड ही स्वस्त गोळी आली. पण खाटा नाहीत. मग गरिबाच्या घरात, त्या दाटीत ठेवून रुग्ण बरा होईल का? आणि घरातल्या लेकरांना लागण होईल त्याचं काय?

याचं उत्तर मद्रासने दिलं. १९५६ साली तिथे टीबीच्या औषधोपचारावर संशोधन करणारं केंद्र उघडलं. मद्रासच्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन भाग केले. अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना घरीच. औषधं दोघांना तीच, वर्षभर. सॅनेटोरियममधल्यांना चांगलं जेवण आणि विश्रांती मिळाली. घरचे मात्र त्याच खोलीत राहिले, तेच कमी जेवण जेवले, जमेल तसे कामालाही गेले. १९५९ साली निकाल जाहीर झाला. घरी राहून औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले होते. पुढच्या वर्षांत घरच्या माणसांकडे लक्ष ठेवलं, तेव्हा घरी उपचार घेतल्यामुळे लागण जास्त झाली असंही दिसलं नाही. कारण औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांतच रुग्णापासून पसरणं खूप कमी होतं.

या निकालाने जगभर सॅनेटोरियमचं महत्त्व ओसरलं. पण मैत्रिणींनो, या प्रयोगात ज्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही, त्या होत्या घरोघरी जाणाऱ्या परिचारिका आणि आरोग्यसेविका. पासचं औषध चवीला वाईट, पोटात मळमळणारं आणि रोज ढीगभर घ्यायचं. रुग्ण ते टाळणार हे उघड होतं. या बायका न सांगता घरी जायच्या, डब्यातल्या गोळ्या मोजायच्या, लघवी तपासायला न्यायच्या. त्याबरोबरच घरच्यांशी बोलायच्या, समजूत काढायच्या. रुग्णाला घरी ठेवायचं तर दवाखान्याचा एक तुकडा त्याच्या घरी गेला पाहिजे. तो तुकडा म्हणजे सिस्टर. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. सिस्टर दारात येते म्हणून रुग्णाला घर सोडावं लागत नाही.

पण त्या गोळ्या मोजण्यात दोन गोष्टी एकत्र होत्या, सोबत आणि पाळत. पुढच्या साठ वर्षांत कधी एक पारडं जड झालं, कधी दुसरं.

१९६२ साली राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात एक पाहणी झाली होती. लोकांना आपल्या आजाराची जाणीवच नसते, असा तेव्हाचा समज होता. पाहणीत निघालं वेगळंच. खोकला असलेल्यांपैकी निम्म्या जणांनी आधीच सरकारी दवाखाना गाठला होता. तिथून त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवलं होतं. म्हणजे अडाणी कोण होतं? हे वाचताना मला आपल्या कितीतरी बायका आठवल्या. दोन महिने खोकला असतो आणि मेडिकलवाल्याकडून सिरप घेऊन काम सुरूच असतं. त्यासाठी मी बाईला दोष देत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, एवढं एक वाक्य तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

१९९७ साली सुधारित कार्यक्रम आला, 'डॉट्स'. मार्च २००६पर्यंत तो देशभर पोचला. तोवर रिफॅम्पिसिनमुळे उपचार सहा महिन्यांवर आला होता. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना ते खोके आठवतील. लाल खोकं नव्या रुग्णाचं, निळं खोकं पुन्हा उपचार घेणाऱ्याचं. प्रत्येक रुग्णाच्या नावाने पूर्ण उपचाराचा खोका आधीच बाजूला काढून ठेवायचे, म्हणजे मधेच औषध संपलं असं व्हायला नको. ही फार मोठी गोष्ट होती. पण नियम असा की आठवड्यातून तीन दिवस केंद्रावर यायचं आणि कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची. आता बदलापूरच्या माणसाचा विचार करा. तो पहाटेची लोकल पकडतो, केंद्राचं दार उघडतं तेव्हा तो ठाण्याच्या पुढे गेलेला असतो. रोजंदारीवरच्या बाईला तीन दिवस अर्धी मजुरी सोडायची म्हणजे घरातलं दूध बंद. शिवाय उपचार सुरू करण्याआधी घरी येऊन पत्ता पडताळायची पद्धत होती. लोकांनी भीतीने खोटे पत्ते दिले, लांबच्या केंद्रात नाव घातलं.

म्हणून चांगल्या सिस्टरांनी वाटा काढल्या. नियमातच सोय होती की वस्तीतला कोणीही भरवशाचा माणूस गोळ्या देऊ शकतो. मग अंगणवाडीताई, किराणा दुकानदार, पुढे आशाताई आणि बचत गटातल्या बायकाही हे काम करू लागल्या. रात्री आठ वाजता दुकानात मीठ घ्यायला जायचं आणि गोळी घेऊन यायचं. कोणाला शंका येत नाही.

त्या काळचा एक शब्द सांगते. ज्याने मधेच औषध सोडलं, त्याला कागदावर 'डिफॉल्टर' म्हणत. थकबाकीदार! अगदी माझ्या वहीतला शब्द. पुढे २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो काढून टाकला आणि 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाचा शब्द घेतला. शब्द बदलला तसा प्रश्नही बदलला. आधी विचारायचे, त्याने गोळी का सोडली? आता विचारायचं, आपल्या हातून हा माणूस कसा सुटला?

सोडलेल्या गोळीची किंमत मात्र खरी आहे. अर्धवट उपचाराने जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग तोच चिवट जंतू दुसऱ्यालाही लागतो. २०११-१२मध्ये मुंबईत कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या बातम्यांनी जग हादरलं होतं. तेव्हा अशा टीबीला महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यातल्या एका इंजेक्शनाने मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन हिची श्रवणशक्ती गेली. ती गप्प बसली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले हिच्यासोबत तिने बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवायला आव्हान दिलं. मार्च २०२३मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि ते औषध स्वस्त व्हायची वाट मोकळी झाली. टीबीतून उठलेल्या दोन मुलींनी केलेलं हे काम आहे.

२०१७पासून आपल्याकडे गोळ्या रोज घ्यायच्या झाल्या. चार औषधं एकाच गोळीत, रोज किती गोळ्या ते रुग्णाच्या वजनाप्रमाणे. दोन महिने चार औषधांची गोळी, पुढे चार महिने तीन औषधांची. म्हणजे उपचार पुन्हा घरी आला, मद्रासने दाखवला होता तिथे. घर आलं की सिस्टरचं काम पुन्हा महत्त्वाचं झालं.

ते काम काय असतं हे मी त्या सिस्टरांसोबत फिरून पाहिलं. पहिल्याच भेटीत त्या सांगतात, "लघवी लालसर-केशरी होईल, घाबरू नका, ते औषधाने होतं." हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्याच दिवशी गोळ्या फेकते. मग एकीला बाजूला घेऊन विचारतात, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेस का? कारण टीबीच्या औषधाने त्या गोळ्यांचा असर कमी होतो, दुसरा उपाय करावा लागतो. डोळ्यांना अंधुक दिसतं का, डोळे-लघवी पिवळी झालीय का, उलट्या होतात का, हे विचारतात आणि तसं असेल तर लगेच डॉक्टरांकडे पाठवतात. घरातल्या लहान मुलांना तपासायला नेतात. आपल्या दंडावर बीसीजीची खूण आहे, पण ती लस लेकरांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. मोठेपणी फुप्फुसाचा टीबी होणारच नाही, अशी हमी ती देत नाही. आणि टीबी फक्त छातीचा नसतो. गळ्याला गाठ येते, मणक्याला होतो, गर्भाशयालाही होतो. मूल होत नाही म्हणून जिला बोल लावतात, तिच्या मागे कधी हा न ओळखलेला टीबी असतो.

शेवटी त्या स्वयंपाकघराकडे बघतात. "तुम्ही काय जेवता?" बाई म्हणते, "सगळ्यांचं झालं की जेवते." सिस्टर म्हणतात, "सहा महिने आधी जेवायचं." झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना तांदूळ, डाळ असा शिधा दिला. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. डाळसुद्धा औषधच आहे म्हणा ना. सरकार २०१८पासून उपचार चालू असेपर्यंत दरमहा पाचशे रुपये पोषणासाठी खात्यात देतं, नोव्हेंबर २०२४पासून ते हजार झाले आहेत. ते खातं बाईच्या स्वतःच्या नावाचं असावं, हे बघणं मात्र आपल्या गटांचं काम.

आता त्या ताईंकडे येते. सिस्टर त्या दुपारी माझ्याशी बोलल्या आणि आम्ही ठरवलं. सिस्टर चाळीत जाणार नाहीत. गटाच्या बैठकीच्या दिवशी, आरोग्याची माहिती द्यायला म्हणून त्या आमच्याकडे येतील आणि ताई तिथे त्यांना भेटतील. पुन्हा तपासणी झाली, डॉक्टरांनी औषध सुरू केलं. रोज रात्री कामाचा गठ्ठा मोजायच्या निमित्ताने गटातली एक मैत्रीण ताईंकडे जायची. तिला ताईंनी स्वतःच सांगितलं होतं. गोळी गिळेपर्यंत ती बसायची, मग दोघी धागे कापायच्या. हप्त्याला आम्ही सहा महिन्यांची सवलत दिली. घरमालकाशी बोलायला आम्ही चौघी गेलो. पण ताईंनी हो म्हटल्यावरच गेलो. उपचार संपला तेव्हा ताईंचं वजन सात किलोने वाढलेलं होतं. शेवटच्या तपासणीचा कागद त्यांनी मला दाखवला, घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी माझी वही काढली. दंडाचे तीस रुपये परत देता आले, पण लाल खुणा पुसता येईनात, शाईच्या होत्या. त्या अजून तशाच आहेत. नवीन गट सुरू करताना मी ते पान दाखवते आणि सांगते, सलग दोन बैठका बाई आली नाही तर दंड लिहू नका, तिच्या घरी जा. पैसे मागायला नको. पाणी मागा, बसा, ती बोलेपर्यंत थांबा.

तुमच्या गटात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर तिच्यासोबत जा. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथचं छाया रुग्णालय आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. 'जा' म्हणू नका, 'चल' म्हणा. आनंदीबाईंच्या काळी सोबत होती पण औषध नव्हतं. आज औषध आहे. सोबत कमी पडून आपली बाई जाऊ नये, एवढंच.